वैशालीताईच्या फोनचे चार आकडे

आईचा फोन आला तेव्हा मी नागपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये होते. "वैशाली गेली," आई म्हणाली. मी विचारलं, "कुठं?"... आई तापाचं सांगू लागली, तेव्हा कळलं. चार दिवसांचा डेंग्यूचा ताप. मारेगावहून वणीला नेलं, वणीहून चंद्रपूरला न्यायला निघाले आणि रस्त्यातच सगळं आटोपलं. मी फोन ठेवला, उरलेलं प्रॅक्टिकल पूर्ण केलं, फाइलवर सही घेतली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहासुद्धा प्यायले. नंतर या चहाची मला फार लाज वाटली, पण घडलं ते असं. आता दीड महिना होत आला. लोक विचारतात, कशी आहेस? मी म्हणते, बरी आहे. आणि ते खोटंही नसतं. आतून काही येतच नाही, त्याला मी काय करू?

वैशालीताई माझ्या नात्यातली नव्हती. मारेगावच्या बसस्टँडसमोर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, असं सगळं तिथं व्हायचं. वय पस्तिशीचं, लग्न केलेलं नाही, बोलणं तिखट. अकरावीत मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला तिच्याकडे गेले. तिने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला, पण मी आपली सवयीनं पासवर्ड मोठ्यानं सांगून मोकळी झाले, "जयभीम एक दोन तीन." ताईने कपाळाला हात लावला. माझ्यामागे रांगेत उभे असलेले एक म्हातारे बाबा घाबरून म्हणाले, "अवो पोरी, हा तं माहा हाय! तुले कोनं सांगतला?" मागून आणखी दोघी म्हणाल्या, आमचापण तोच. सगळं सेंटर हसायला लागलं. ताई मात्र हसली नाही. "जयभीम तोंडानं म्हनाचं, बाबाजी," ती म्हणाली. "त्याचं कुलूप कायले करता? अर्ध्या तालुक्याची किल्ली एकच होऊन राह्यली ना!" त्या दिवशी तिने रांगेतल्या प्रत्येकाचा पासवर्ड बदलायला लावला. माझा फॉर्म भरून व्हायला तीन तास लागले आणि सायबर सिक्युरिटी नावाचं काही असतं, हे कळलं.

तिच्या सेंटरचा एक कायदा होता. कोणी पासवर्ड किंवा पिन टाकत असेल, तर बाकीच्यांनी भिंतीकडे बघायचं. ताई ओरडायची, "तोंडं फिरवा!" आणि सरपंच असो की शाळेचे हेडमास्तर, सगळे मुकाट्यानं वळायचे. नवीन माणसाला वाटायचं, इथं काही पूजाबिजा चालली आहे. हे वेड तिला कुठून लागलं, ते तिने मला एकदाच सांगितलं. वणीला कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीचं खातं वर्गातल्याच कोणीतरी उघडलं, आतले फोटो वर्गभर फिरवले. त्या मुलीनं शिक्षण सोडलं. "तिचा पासवर्ड मले माहीत होता," ताई म्हणाली, "तं आधी सगळ्याइनं माह्याकडंच पाह्यलं." एवढं बोलून तिने पुढचा फॉर्म उघडला, आणि मीही विचारलं नाही.

मी रोज कॉलेज सुटलं की तिच्याकडे जाऊ लागले. तिने मागच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर एका केबलने जोडून दिले. म्हणाली, "हे दोनी माहे हायेत. याइले फोड, तोड, काहीबी कर. पन तिसऱ्याले हात लावशीन तं तंगडं तोडीन." इंग्रजी व्हिडिओ आम्ही दोघी थांबवून थांबवून बघायचो. एकेका शब्दासाठी वही उघडायचो. तिला सगळं येत होतं असं नाही. उलट पुष्कळ गोष्टी ती माझ्यासोबतच शिकली, आणि मला आधी आलं तर तिला राग यायचा. एकदा मी शोधून काढलं की सेंटरच्या वायफायच्या डब्याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच आहे, ताईने कधी बदललाच नव्हता! तालुक्याला शहाणपण शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचंच दार सताड उघडं. मला वाटलं, आता ती चिडणार. तिने मला तर्री-पोहे खाऊ घातले आणि पुढचे आठ दिवस येईल त्याला सांगत राहिली, "या पोरीनं माहं सेंटर फोडलं." ते ऐकून माझी आई धावत आली. "वैशाली, पोरीले चोऱ्या शिकवून राह्यली का वो?" ताई म्हणाली, "नाही काकू. चोर कुठून येते, ते शिकवून राह्यली." आईचं समाधान झालं नाही, पण तिने मला अडवलंही नाही. आज मी ज्या शाखेला शिकते, तिचं नावसुद्धा ताईच्या आधी आमच्या घरात कोणी घेतलं नव्हतं.

आता मला जे सांगायचं आहे, ते मी तिला कधी सांगितलं नाही. बारावीतली दुपार. लाइट गेली होती, कॉम्प्युटर बंद पडले होते. ताई माझ्या मागे उभी राहून स्वतःचा फोन उघडत होती. कायद्याप्रमाणे मी तोंड फिरवलं... पण माझ्यासमोर काळा झालेला मॉनिटर होता, आणि त्यात तिचा अंगठा स्पष्ट दिसत होता. डोळे मिटता आले असते. मी मिटले नाहीत. चार आकडे. मला इतका आनंद झाला, की काय सांगू! कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं. तो फोन मी कधी उघडला नाही, पण ते आकडेही विसरले नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी ताईने सेंटरची एक किल्ली मला दिली. मी ती घेतली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे ताईच्या स्मरणार्थ वंदनेच्या कार्यक्रमाच्या, दोन दिवस आधी मी मारेगावला गेले. ताईची आई, पुष्पामावशी, फोन घेऊन बसली होती. कार्यक्रमाला फोटो हवा होता. घरात ताईचा एकच फोटो, नवीन कॅमेरा तपासताना तिने स्वतःचाच काढलेला पासपोर्ट साइज. फॉर्मला लागतो तसा, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसतात. हसरे फोटो सगळे फोनमध्ये. वणीचा एक दुकानदार उघडून देतो म्हणाला होता, पण तो आतलं सगळं पुसून उघडणार होता. "तुले येते ना हे," मावशी म्हणाली. "खोल. माही पोरगी अशी नोती दिसत."

मी तिला सांगितलं. मॉनिटर, अंगठा, सगळं. ताईला न विचारता मी पाहिलं होतं, म्हणाले. मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाह्यलं तं पाह्यलं. खोल आता." मी चार आकडे टाकले.

पिन चुकीचा आहे, असं आलं.

पुन्हा हळूहळू टाकले. तेच. तिसऱ्यांदा मी टाकले नाहीत. ताई दर दोन-तीन महिन्यांनी पिन बदलायचीच. त्या बदलण्यात हा गेला असेल. किंवा त्या दुपारी मॉनिटरमध्ये मला तिचा अंगठा दिसला, तसे तिला माझे उघडे डोळे दिसले असतील. तिने त्याच दिवशी पिन बदलला असेल, आणि पंधरा दिवस विचार करून तरीही मला किल्ली दिली असेल. यातलं खरं कोणतं, ते मला आता कळणार नाही. ती असती तर विचारलं असतं, असंही म्हणवत नाही. ती होती तेव्हा मी विचारलं नव्हतं.

"नाही होत, मावशी," मी म्हणाले. कार्यक्रमाला तो कान दिसणारा फोटोच मोठा करून लावला. वंदना झाली, लोकांनी फुलं वाहिली, जेवणं झाली. मी पत्रावळी उचलल्या. मला रडू आलं नाही.

निघताना मावशीचा निरोप घ्यायला आत गेले, तर ती ताईचा फोन चार्जिंगला लावत होती. मी म्हणाले, बंद करून ठेव ना, कशाला रोज चार्ज करतेस? तेवढ्यात तो वाजलाच. मावशीने उचलला. पलीकडून कोणी बाई मोठमोठ्यानं विचारत होती, ताई, माह्या पोराचा फॉर्म भराचा राह्यला. मावशी शांतपणे म्हणाली, "ताई वारली, बाई. तुमचं नाव सांगा, कोन्या गावच्या?" आणि एका वहीत वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून घेतलं. त्या वहीत अशी पुष्कळ नावं होती. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मले खोलाले नाही येत," ती म्हणाली. "उचलाले येते."

मग तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि यातल्या कोणाचं काय काम राहिलं असेल, ते विचारायला लागली. माझी बस त्या दिवशी चुकली.