चाकामागचे दगड

पोलिसाच्या नोकरीत मृतदेह पुष्कळ पाहिले. पण साखरखेर्ड्याहून लोणारकडे जाताना लागणारा तो चढ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

सकाळी ठाण्यात फोन आला, गाडीखाली माणूस सापडलाय. एक हवालदार सोबत घेऊन मी पोचलो. कोबी भरलेली पिकअप मागच्या बाजूनं नालीत रुतली होती आणि थोडं वर रस्त्यावर एक मेकॅनिक मरून पडला होता. चढावर गाडीचं पिनियन योक, म्हणजे मागच्या एक्सलला शाफ्ट जोडणारा लोखंडी भाग, तुटलं होतं. ते बदलायला तो खाली शिरला होता. गाडी मागं घसरली आणि पुढचं चाक त्याच्या छातीवरून गेलं.

गाडी त्याच्या साळ्याची होती. साळा रस्त्यावरच बसला होता. "दाजी, उठा ना हो," म्हणत उपरण्यानं मृताचं तोंड पुसत होता. दोघांनी धरून त्याला बाजूला करावं लागलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. जबाबात साळा म्हणाला, "हँडब्रेक लागत नव्हता साहेब. गाडी गिअरात होती. गिअर निसटला." इतक्या रडणाऱ्या माणसाला आणखी काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर शेतमजूर बाई ठाण्यात आली. बाजूच्या शेतात ती निंदायला होती.

"साहेब, बांधावर पाणी प्याले बसली होती मी. त्या गाडीवाल्यानं चाकामागचे गोटे काढले. एक काढला, मंग दुसरा. मले वाटलं, झाली गाडी दुरुस्त."

"बाई, मग काल का नाही सांगितलं?"

"तो इतका रडून राह्यला होता, मले माह्याच डोयाचा भरोसा नाई वाटला."

मी पुन्हा त्या चढावर गेलो. दोन्ही दगड कडेच्या गवतात होते. चाकानं ढकलले असते तर डांबरावर ओरखडे उठले असते. डांबर साफ होतं.

साळ्याला चौकशीला बोलावलं. मारहाणीवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. खोटं बोललेल्या माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही. तो पुन्हा आपणहून गिअरचं सांगू लागला, तेव्हा मी विचारलं, "दाजी खाली होते तेव्हा शाफ्ट कुठं होता?"

"काढून बाजूले ठेवला होता."

"मग गिअर चाकांना धरणार कशानं? शाफ्ट सुटला की गिअरचा मागच्या चाकांशी संबंधच राहत नाही. तू रोज गाडी चालवतोस. हे तुला माहीत नाही?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "गोटे म्याच काढले."

"काऊन, कशापायी?" हवालदाराच्या तोंडून निघून गेलं.

"आदल्या दिवशी बहीण घरी आली. दाजीनं तिचा हात तव्यावर दाबला होता. सकाळी गाडी बंद पडली तं त्यालेच बोलावलं. मेकॅनिक घरचाच. म्हटलं, या निमित्तानं बोलू. तो गाडीखालून म्हणे, 'एकच हात भाजला बे. दुसरा हाय अजून.' आन् हसला. म्हणे, पाना दे. म्या पाना देल्ला. मंग मागं गेलो."

काल ज्याला मी पाठीवर हात ठेवून पाणी पाजलं होतं, तो हाच माणूस. आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही पटतं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. खुनाचा गुन्हा उभा राहिला तो त्या मजूर बाईच्या साक्षीवर. पुढे जन्मठेप झाली.

पण खरा धक्का मला अटकेच्या दिवशीच बसला. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी त्याच्या बहिणीला सांगायला गेलो. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ती बसली होती. सगळं ऐकलं. रडली नाही.

"मी कायमचीच आलती साहेब. परत जायाचंच नव्हतं मले. आईले रात्री सांगितलं, भावाले सकाळी सांगणार होती. तो अंधारातच गाडी घेऊन गेला." मग तिनं विचारलं, "त्यानं एकदा मले इचारलं काऊन नाई?"

एका सकाळी तिचा नवरा गेला आणि भाऊही गेला, आणि तिनं यातलं काहीच मागितलं नव्हतं.

त्या केसनं मला एक सवय लावली. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई भावाबरोबर, बापाबरोबर ठाण्यात आली, की मी पुरुषांना बाहेर बसवायचो. कॉन्स्टेबल बाईंना जवळ बोलवायचो आणि पहिला प्रश्न करायचो, "ताई, तुम्हाला काय हवंय?"

पुष्कळ जणी दचकायच्या. तोवर त्यांना हे कुणी विचारलेलंच नसायचं.