मेट्रनबाईंची फेरी

आमच्या विद्यापीठात राहायचे तीन मार्ग होते. नंबर लागला तर वसतिगृहातला पलंग, बापाच्या खिशात जोर असला तर फाटकाबाहेरची भाड्याची खोली, आणि दोन्ही नसलं तर पॅरासाइट. म्हणजे मैत्रिणीच्या खोलीत चोरून राहायचं, तिच्या पलंगाखाली झोपायचं. अशी मुलगी सापडली की तिला त्याच दिवशी बाहेर काढत, आणि ठेवून घेणारीचाही पलंग जात असे. नियम करणारे बंगल्यांत राहत होते, त्यांचं काय जातंय!

आमच्या मेट्रनबाई जिन्याखालच्या एका खोलीत राहायच्या. फेरीला निघाल्या की किल्ल्यांचा जुडगा कठड्यावर आपटत वर यायच्या. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. या मांजरीने ती आपणहून बांधून घेतली होती. आवाज आला की चोरून राहणाऱ्या मुली न्हाणीघरात शिरून कडी लावायच्या. बाई दोघींच्या खोलीत चहाचे तीन कप बघायच्या आणि "पंखा बंद करत जा गं," एवढंच म्हणून पुढे जायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारीला काय छान बनवतो आपण! त्यांना सगळं ठाऊक होतं. पण तोंडाने म्हटलं असतं तर नियम पाळावा लागला असता, म्हणून त्या गप्प राहिल्या.

माझ्या शेजारच्या खोलीत अशीच एक होती. तिला आम्ही पाहुणी म्हणायचो. खोली मिळाली म्हणून तिने घरी थाप मारली होती, नाहीतर बापाने शिक्षण सोडवून परत नेलं असतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर, कडाक्याच्या थंडीत, तिला ताप भरला. विद्यापीठाच्या दवाखान्यात वसतिगृहाचं कार्ड मागायचे. ते हिच्याकडे कुठलं? मैत्रिणी गोळ्या आणून द्यायच्या, आणि किल्ल्या वाजल्या की दोघी तिला धरून न्हाणीघरात ओल्या फरशीवर बसवून यायच्या.

बाईंनी दाराआडचा खोकला ऐकला. दुसऱ्या दिवसापासून, आजारी पोरीला सावकाश उठता यावं म्हणून, त्या वर यायच्या कितीतरी आधी, खालूनच किल्ल्या वाजवू लागल्या. पोर तेवढीच जास्त वेळ गारठ्यात बसू लागली. एवढ्या भलेपणाचा मला आजही संताप येतो.

एका सकाळी फेरी संपली तरी कडी निघेना. बाईंनीच दार फोडायला लावलं, तिला रिक्षात मांडीवर घेऊन विद्यापीठाच्या त्याच दवाखान्यात गेल्या. न्यूमोनिया होता. पाहुणी वाचली नाही.

तिचे वडील सामान न्यायला आले. भला माणूस, दारातच चपला काढून उभा राहिला.

"तिची खोली जरा बघू का?"

आम्ही काय दाखवणार, पलंगाखालची फरशी? तेवढ्यात बाई पुढे झाल्या आणि त्यांनी आपल्याच खोलीचं दार उघडलं.

"या दादा. माझ्याजवळच राहायची ती. एकटीला भीती वाटायची ना."

ते आत गेले. पलंगावरून हात फिरवला, उशी उचलून छातीशी धरली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी बाईंकडे वर बघितलं.

"म्हणजे रोज तुमच्या डोळ्यांसमोर होती?"

"हो."

"मग तिचा खोकला तुम्हाला ऐकू नाही आला, बाई?"

"आला होता," बाई म्हणाल्या.