बाटल्यांच्या वाटा

आमची आत्या समुद्र-संशोधन केंद्रात होती. नेमणूकपत्रावर ‘प्रयोगशाळा सहायक’ असं भारदस्त लिहिलेलं, पण ती सरळ सांगायची, “मी बाटल्या विसळते.” खोल समुद्रातल्या पाण्याच्या नमुन्यांच्या त्या बाटल्या. काही बाटल्या मात्र केंद्राचा पत्ता लिहिलेलं कार्ड घालून समुद्रात सोडायच्या असत. ज्याला सापडेल त्याने जागा आणि तारीख लिहून कार्ड परत पाठवायचं. आलेली कार्डं लावून ठेवायचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते आत्याच्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं तिने ती महिनावार खोक्यांत लावली.

एका सकाळी बातमी आली, की इंजिन बंद पडून मासेमारीची एक नाव भरकटली आहे. नावेत चौघे जण. बंदराचे कप्तान केंद्रात येऊन नकाशा पसरून बसले. वारा उत्तरेकडे जात होता, म्हणून शोधही तिकडेच चालला होता.

आत्या हात पुसत पुढे झाली. “साहेब, नाव भरलेली होती का?”

“मासळीने काठोकाठ. का हो?”

“मग ती वर थोडी आणि पाण्यात जास्त. वाऱ्याच्या हाती फार लागायची नाही, पाणी नेईल तिकडे जाईल.”

“पाणी वाऱ्यामागेच जातं ना?”

“हा वारा कालचा! त्याआधी आठवडाभर उलटा होता. एवढा समुद्र एका दिवसात मान वळवत नाही.”

तिने खोकं आणलं. नाव बंद पडली त्या जागेवरून त्या महिन्यात सोडलेल्या बाटल्यांची तेवीस कार्डं होती, त्यांतली अठरा दक्षिणेच्या खडकाळ टोकावरून आलेली. कप्तान क्षणभर घुटमळले आणि मग त्यांनी वायरलेस उचलला.

दुपारी नाव त्या टोकाजवळच सापडली. ओठ फुटलेले, पण चौघेही जिवंत.

दुसऱ्या दिवशी कप्तान घरी आले. “ताई, हे प्रवाह मुळात वाहतात तरी कशाने?”

आत्याने काचेच्या भांड्यात कोमट पाणी घेतलं आणि निळी शाई घातलेलं थंडगार मिठाचं पाणी कडेने सोडलं. ते थेट तळाला गेलं आणि पसरत चाललं.

“थंड, खारट पाणी जड, ते खाली बसतं. त्याच्या जागी दुसरं येतं. वरचं पाणी वारा ढकलतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून त्याची वाट वाकते. स्वस्थ कुणीच बसत नाही.”

“आमच्या घरातही कुणाला बसू देत नाही ही,” आतोबा म्हणाले. पण हे सांगताना त्यांची छाती फुगली होती.

पुढे त्या कार्डांवरून केंद्राने बारा महिन्यांचे बारा नकाशे काढले. ते बंदराच्या कचेरीत लागले, कोपऱ्यात आत्याचं नाव. आम्ही सगळे नाव बघत होतो. आत्याचं बोट मात्र मार्चच्या नकाशावर होतं.

“हा बाण चुकलाय. इथे पाणी किनाऱ्यापासून दूर वळतं.”

तिने तो नकाशा पुन्हा छापायला लावला.