पिंपळाखालचा पहारा

आमच्या चौकातला पिंपळ पडणार आहे. कधी ते सांगता येत नाही, कुठल्या अंगाला ते मात्र सांगता येतं. गावात हे तीन माणसांना पक्कं ठाऊक आहे. माझे वडील, माझी आई आणि मी. बाकीच्यांना ते ठाऊक करून घ्यायचं नाही, कारण त्याच पिंपळामुळे आमच्या गावाला सुंदर चौकाचं पहिलं बक्षीस मिळालेलं आहे.

माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान याच चौकात आहे. पिंपळाच्या मागून रस्ता जातो आणि पुढच्या अंगाला मोकळा चौक. चौकात कट्टा, कट्ट्यावर कराडच्या एसटीची वाट बघणारी माणसं, आणि चौक ओलांडला की माझी पायरी. दुकानात बसलं की काचेतून दिवसभर तेच झाड दिसतं. आधी मी त्याच्याकडे बघायचे तेव्हा डोळे निवायचे. आता गिऱ्हाईकाला सुटे देतानाही माझी नजर तिकडे असते.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांची उमेदीची वर्षं सगळी फौजेत गेली, नायब सुभेदार होऊन ते घरी आले. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेतलं, आणि परत येताना ही माणसं एक खोड हमखास घेऊन येतात. वीट दिसली की ती तिरकी रोवायची आणि गेरू-चुन्यानं रंगवायची. झाड दिसलं की बुंध्याला पट्टे ओढायचे. आमच्या अंगणातली तुळस, नळाचा खांब, म्हशीचा खुंटा, सगळं छावणीतल्यासारखं उभं असतं. आई म्हणायची, "मी एका जागी लय येळ बसत न्हाई बाई. हे मलाबी गेरू फासतील."

स्पर्धा जाहीर झाली तेव्हा गावात समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. माणूस गोड. "आपलं गाव" म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येतो, आणि असा माणूस समोर असला की त्याला नाही म्हणणं जड जातं. दर रविवारी सकाळी सगळं गाव खराटे घेऊन बाहेर. भिंतींवर मोर आले, बैलजोडी आली, सलाम ठोकणारा जवान आला. जुन्या टायरांचे हंस झाले. कचऱ्यासाठी सिमेंटचा ससा आणला, आ वासलेला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या पोटातला कचरा पेटवला आणि सशाच्या तोंडातून धूर निघायला लागला. त्याचं तोंड काळं झालं ते कितीदा रंगवलं तरी पुन्हा काळं होतंच. पण मी खोटं बोलणार नाही, मला तेव्हा फार आनंद झाला होता. गाव देखणं दिसत होतं आणि माणसं एकमेकांशी नीट बोलत होती.

चौकाचं काम माजी सैनिकांकडे आलं आणि माजी सैनिकांचे पुढारी तात्या. पिंपळाभोवतीचा जुना पार म्हणजे दगड-मातीचा वेडावाकडा ढिगारा. तो काढून चौकोनी कट्टा बांधायचा, कडेनं फरशी, रस्त्याच्या बाजूला पेव्हर ब्लॉकची सरळ पट्टी, असं ठरलं. तात्यांनी दोन खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. दोरी मधेच अडली. रस्त्याच्या बाजूला पिंपळाचं एक मूळ जमिनीतून वर आलं होतं, माणसाच्या कमरेएवढं जाड. ते दोरीला आडवं जाऊन पुन्हा रस्त्याखाली शिरत होतं. आम्ही लहानपणी त्याच्यावर घोडा-घोडा करायचो.

गुरुजी म्हणाले, "सुभेदार, लाईन थोडी वळवून घेऊ."

"वळवली की ती वाकडीच दिसती गुरुजी," तात्या म्हणाले. "इन्स्पेक्शनला सायबाची पयली नजर तितंच जाती."

आता आमच्या गावात पिंपळाची डहाळीसुद्धा कुणी मोडत नाही. एक फांदी विजेच्या तारेला घासायची, तर वायरमननं झाडापुढे नारळ ठेवला आणि तोडायला परगावचा माणूस आणला. त्यामुळे दोरीपाशी घोळका जमला आणि बराच वेळ खल झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मूळ म्हंजे काय झाड न्हवं. मातीतली गोष्ट हाय ती." हे सगळ्यांना लगेच पटलं. जरा जास्तच लगेच पटलं. फांदीला नारळ द्यायचा, खोडाला सूत गुंडाळायचं, पाया पडायचं ते पानांच्या सळसळीला. मुळाच्या कधी कोण पाया पडलंय?

जेसीबी आला. मूळ तुटताना झाड आतून कण्हल्यासारखा आवाज आला, तो मी दुकानात बसून ऐकला. कापलेल्या तोंडातून पांढरा चीक वाहत राहिला. तात्यांनी त्यावर गेरू थापला, लेकराच्या गुडघ्यावर हळद लावावी तसा, आणि दोरी पुन्हा ताणली. लाईन अगदी सरळ आली. मग थेट खोडापर्यंत काँक्रीट भरलं, वर फरशी बसवली, खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे, फांद्यांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा. कट्ट्याच्या टोकाला 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, मधे लाल बदाम. तपासणीचे साहेब खूश होऊन गेले. जिल्ह्याच्या फेरीत पहिलं बक्षीस मिळालं. तात्यांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि तो फोटो आमच्या ओसरीवर अजून आहे.

पहिल्यांदा खटकलं ते आईला. अंघोळ झाली की पिंपळाला तांब्याभर पाणी घालायचं, हा तिचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. पूर्वी पाणी ओतलं की माती ते गटकन पिऊन टाकायची. आता ते फरशीवरून घरंगळत चौकात यायचं आणि उताराउतारानं माझ्या पायरीशी थांबायचं. आई त्या ओघळामागून चालत यायची.

"झाड पाणी घेत न्हाई गं," ती म्हणाली.

"अगं आई, खाली काँक्रीट हाय. मुरणार कुठं?"

"त्ये मला दिसतंय. पर रोज माघारी पाठवतंय बघ." तिनं पायरीशी आलेलं पाणी पायानं बाजूला सारलं. रोज सकाळी ती पाणी घालत राहिली आणि रोज ते माझ्या दारात येत राहिलं. मला त्या ओघळाची धास्ती वाटायला लागली, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मग यंदाचा चैत्र आला. पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटली, पण ती अर्ध्याच झाडाला. चौकाच्या अंगाच्या फांद्या पानांनी लगडल्या आणि रस्त्याच्या अंगाच्या तशाच काड्या राहिल्या. दर साली वैशाखात कावळे शेंड्यावर घरटं करायचे. या वर्षी ते शाळेमागच्या निलगिरीवर गेले. गुरुजी म्हणाले, "ऊन फार आहे यंदा." दिव्यांच्या माळा पेटल्या की कुठली फांदी हिरवी आणि कुठली वाळकी, ते कळतही नाही.

रोज संध्याकाळी तात्या झाडाच्या मागे, रस्त्याच्या बाजूला जाऊन वाकायचे. मला वाटलं चप्पल नीट करतात. एक दिवस दुकान तसंच टाकून मी गेले. खोड आणि काँक्रीट यांच्या मधे फट पडली होती आणि तात्या तिच्यात आगपेटीची काडी सरकवून बघत होते.

"पयल्यांदा काडी जात नव्हती," ते म्हणाले. "मग गुलासकट जायला लागली." आणि काडी खिशात ठेवून त्यांनी आपला अंगठा त्या फटीत घातला. अंगठा आत गेला.

मग त्यांनीच विचारलं, "तंबूचा एका अंगाचा खुंटा उपटला तर तंबू कुनीकडं पडतो?"

"उलट्या अंगाला."

"हां. वजनबी समदं तिकडंच हाय आता." त्यांनी चौकाकडे, कट्ट्याकडे, एसटीच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या कॉलेजच्या पोरींकडे हात केला. मग सावकाश म्हणाले, "दोरी माझी व्हती."

दुसऱ्याच दिवशी ते गुरुजींकडे गेले. मीही सोबत गेले, कारण तात्या कमी बोलतात आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. गुरुजींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुभेदार, राज्याच्या फेरीची तपासणी पावसाळ्यानंतर आहे. चौकाचा मानच त्या झाडाचा. ते उतरवायचं म्हणजे उरतं काय? आणि पिंपळावर कुऱ्हाड चालवणार कोण?"

"मूळ तोडताना तुम्हाला ही अडचण आली नव्हती," मी म्हणाले.

गुरुजींना ते लागलं. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले, आणि मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी उठले. नगरपंचायतीत अर्ज दिला. तिथे म्हणाले, झाड हिरवं आहे, हिरवं झाड तोडता येत नाही. पुढच्या अंगाच्या फांद्या तरी हलक्या करा म्हटलं, तर म्हणाले, तपासणी होऊन जाऊ द्या.

तेव्हा तात्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. कट्ट्याभोवती चार खांब रोवले, त्यांना गेरू-चुना दिला आणि दोरी बांधली. तीच दोरी. पाटीही लावली, 'येथे बसू नये'. दोन दिवसांत दोरी गेली. समितीच्या पोरांनीच काढली, काही वाईट मनानं नव्हे. लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढायला आलं होतं आणि बदामाच्या आडवी दोरी येत होती. तात्यांनी पुन्हा बांधली. पुन्हा निघाली. गुरुजींनी निरोप धाडला, "सुभेदारांना सांगा, शोभा जाते."

तिसऱ्यांदा तात्यांनी दोरी बांधली नाही. ती गुंडाळून त्यांनी माझ्या दुकानात खिळ्याला अडकवली आणि आपण स्वतः जाऊन कट्ट्यावर बसले.

तेव्हापासून ते तिथेच असतात. सकाळी इस्त्रीची पँट, बूट, डोक्यावर टोपी. कुणी बसायला आलं की म्हणतात, "तिकडं सावलीला, दुकानाच्या पायरीवर बसा." पोरी हसतात, पण ऐकतात. माझी पायरी आता एसटीचा थांबा झाली आहे. फोटोवाल्यांना ते बदामापाशी उभं राहू देत नाहीत. लोक म्हणतात, सुभेदाराचं डोकं फिरलं, झाडावरचं भूत ह्यांच्या मानगुटीवर बसलंय. म्हणोत. पण माझा जीव तुटतो, कारण कट्ट्याच्या ज्या टोकावर ते बसतात, झाड तिथेच येणार आहे. दुसरीकडे बसूनही त्यांना हे सांगता आलं असतं. मी त्यांना तसं म्हणाले.

"लांबून सांगितल्यावर कोण ऐकतंय?" ते म्हणाले. "दोरी काढता येती. मानूस बसला की त्येला काढता येत न्हाई."

गेल्या आठवड्यात दुपार कलताना वळवाचं वारं सुटलं. चौकात धुळीची भिंत उठली, टायरचा एक हंस गडगडत गटारीत गेला. माळांचे दिवे फांद्यांवर आपटायला लागले. माणसं दुकानांत शिरली. तात्या तिथेच. मी शटर उघडंच टाकून धावत चौक ओलांडला. वर बघायचा धीर झाला नाही, पण फरशीतून पायाला कळत होतं, खाली काहीतरी उचलतंय आणि परत बसतंय.

"तात्या, उठा. आता कोण बसायला येणार हाय इथं?"

"एसटी यायचीय आजून. वाऱ्यात लोक झाडाखालीच पळत येत्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बदलीचा मानूस आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती."

मी त्यांच्या शेजारी बसले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "ऊठ," ते म्हणाले, जवानाला सांगावं तसं. "दुकानात जा." आणि मी उठले. पाय आपोआप उठले, त्याची मला अजून लाज वाटते.

पायरीशी येऊन मागे वळून बघते तर घराकडून आई येत होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात तांब्या. सकाळचा नेम झाला होता, पण ती पुन्हा पाणी घेऊन आली होती. तिनं ते खोडाशी ओतलं. ओघळ फरशीवरून निघाला आणि तात्यांच्या बुटांपर्यंत आला. आई त्याच्यामागून आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

तात्या काहीतरी बोलले. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, पण हात माझ्या दुकानाकडे केलेला दिसला. आईनं रिकामा तांब्या मांडीवर घेतला. तिचा आवाज मोठा आहे, तो मला स्पष्ट ऐकू आला.

"आवं, मी काय तुमच्या पलटनीत न्हाई."

त्या दिवशी वारं पडलं. एसटी आली आणि गेली. संध्याकाळी मी मागे जाऊन फट बघितली, माझा अख्खा पंजा मनगटापर्यंत आत गेला. आई रोज दुपारचं आवरून तांब्या घेऊन येते आणि तिथेच बसते. मी दुकानातून दोघांकडे बघत असते. मधे पोरी माझ्या पायरीवर बसलेल्या असतात, हसत, मोबाईल बघत. खिळ्याला दोरी तशीच लटकते आहे, आणि थोडंसं वारं आलं तरी ती भिंतीवर हलायला लागते.