दार अडवणारी

माझ्या लग्नात आक्काने दार अडवलं होतं. नवरी घेऊन घरात शिरताना नवऱ्याची बहीण उंबऱ्यात आडवी उभी राहते आणि "तुझी पोरगी माझ्या पोराला देशील का?" असा शब्द घेऊनच आत सोडते. मी शब्द दिला आणि मला दोन्ही मुलगेच झाले. कडेगावची आक्का अजून मला फसव्या म्हणते.

त्या आक्काच्या स्तनात गाठ निघाली. मी सांगलीत पॅथॉलॉजिस्ट. गाठीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. कॅन्सर ठरला होता, एक तपासणी बाकी होती. ती समजावायला मी कडेगावात तिच्या स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभा राहिलो. ती भाकरी थापत होती, त्यामुळे प्रेक्षक पळून जायची भीती नव्हती.

"मी पेशी," मी सुरू केलं. "माझ्या अंगावर बारकी दारं आहेत, त्यांना रिसेप्टर म्हणतात. वाढायचा निरोप तिथूनच आत शिरतो. काही गाठींत एका जातीची दारं बेसुमार असतात. अशी गाठ जोरात वाढते, पण नेमकं त्या दारांवर जाऊन बसणारं इंजेक्शन निघालंय."

"म्हंजे दार अडवायचं. मग करवलीचंच काम की रं ते."

इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं.

"आन् दारंच नसली तर?"

"मग ते औषध लागू नाही. दुसरं बघायचं."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. "मग असू देत," ती म्हणाली. "लय असू देत."

सख्ख्या बहिणीच्या गाठीचा काप लावलेली काच आपण वाचायची नाही. ती सहकारी मॅडमना दिली आणि त्यांच्या खुर्चीमागे घुटमळत राहिलो.

"डॉक्टर, चहा घेऊन या."

"घेतला."

"परत घ्या."

मग त्यांनीच बोलावून सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. ही दारं असली की रंग धरतात. इथे एकूणएक पेशीला जाड तपकिरी काठ होता. मी तिथल्या तिथे एकट्याने फुगडी घातली.

"कॅन्सरची काच बघून नाचणारे तुम्ही पहिलेच," मॅडम म्हणाल्या.

आक्काला फोन केला. "दारं आहेत. भरगच्च."

"मग आता कुणाला आत सोडू नगंस."

यंदा थोरल्याचं लग्न झालं. त्याला बहीण नाही, दार कोण अडवणार, अशी बायकोला काळजी. वरात परतली तेव्हा उंबऱ्यात आक्का. उपचार संपलेले, कानाएवढे नवे केस, दोन्ही हात चौकटीला.

"पोरगी माझ्या नातवाला देशील का?"

"देतो, आत्या."

"तुझ्या बापानंबी आसंच म्हटलं हुतं," आक्का म्हणाली आणि दारातून हलली नाही.