शेजारच्या कणाशी बंध

चहाचं आधण उकळत होतं. अकरावीतली मीरा ओट्याशी उभी राहून रसायनशास्त्र घोकत होती. वाफेकडे बघून मी म्हटलं, "तुटले बघ पाण्याचे बंध."

"आई, काहीतरीच! कणाच्या आत हायड्रोजन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधाने धरलेले असतात. ते तुझ्या आधणाला भीक घालत नाहीत. सुटतात ते हायड्रोजन बंध, शेजारच्या कणाला धरलेले. ते कच्चेच. क्षणात तुटतात, क्षणात जुळतात."

"मग त्यांचा उपयोग काय?"

"ते नसते तर पाणी पातेल्यात राहिलंच नसतं. केव्हाच उडून गेलं असतं."

मला पलीकडच्या सुमनवहिनी आठवल्या. नळाला पाणी आलं की पहाटे त्या खिडकीतून हाक मारायच्या, "उठा हो, पाणी आलं!" मग दोन वाक्यं गुडघ्यांची, एखादी चहाडी. पुढे मी टाकी आणि आपोआप चालणारा पंप बसवला आणि मोठ्या समाधानाने त्यांना सांगितलं, "आता हाकेची तसदी नको."

"सुटले बाई!" म्हणून त्या हसल्या. भांडण नाही, काही नाही. वर्षभराने त्या कायमच्या मुलाकडे गेल्या, ते मला दाराच्या कुलपावरून कळलं.

भावंडांचे वाढदिवस, सासरची कार्यं, सगळं माझ्या यादीत असतं. त्यातलं एकही नातं न लिहिल्याने तुटलं नसतं. वहिनींचं नाव मात्र मी कधी लिहिलं नाही. त्या रोज भेटतच होत्या.