पाच पायांचा हत्ती

उल्हासनगरच्या कागदाच्या दुकानात मी सुट्टीच्या वर्गासाठी घोटीव कागद निवडत होते. दुकानदार शेठ म्हणाले, "मॅडम, वो बदलापूरवाली टीचर इस बार आयी नहीं? उनके लिए कतरन रखी है." "बिझी असतील," मी फटकन म्हणाले. तेवढ्यात भाच्याचा, त्याच टीचरच्या मुलाचा, फोन आला. "मामी, आई गेली गं... सकाळी, चहा पिता पिता." कागद काउंटरवर तसेच टाकून मी बाहेर आले. त्याला आता तीन आठवडे झाले.

कुंदाताई माझ्या थोरल्या नणंदबाई, बदलापूर गावातल्या बालवाडीत आयुष्य काढलेल्या. दर मे महिन्यात आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीत आम्ही दोघी मिळून मुलांना कागदकाम शिकवायचो. हॉलमध्ये तीन सतरंज्या असत. पहिलीवर चार-पाच वर्षांची पोरं, त्यांना कात्री नाही, नुसतं फाडायचं आणि चिकटवायचं. दुसरीवर सात-आठ वर्षांची, त्यांना घडीकाम... होडी, पक्षी, उडी मारणारा बेडूक. तिसरीवर मोठी मुलं, कात्री आणि कंदील. ताईंचा नियम एकच. दाखवायचं ते आपल्या कागदावर, मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. एखाद्याची घडी चुकली की त्या स्वतःचा बेडूक पुन्हा उलगडायच्या आणि पहिल्यापासून करायच्या, दहा वेळा असो की बारा. माझा जीव वरखाली व्हायचा. मला सगळं कसं टापटीप लागतं, आणि नणंदेकडून शिकून घ्यायची हौस कुठल्या भावजयीला असते?

चार वर्षांपूर्वी आम्ही प्रदर्शन भरवलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. ताई यायच्या आधी सकाळीच मी हॉल उघडला आणि कामाला लागले. वाकडे बेडूक उलगडून पुन्हा केले, कंदिलांच्या कडा कातरल्या. पहिल्या सतरंजीवरच्या एका मुलीने फाडून चिकटवलेल्या हत्तीला पाच पाय होते. मी त्यातला एक काढून टाकला. सोंडही जरा सरळ केली.

पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. ती मुलगी मात्र टेबलापाशी उभी राहून रडत होती, "माझा हत्ती कुठाय?" हत्ती तिच्या नाकासमोर होता. ताईंनी तो उचलला, मागून पुढून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"हात फार छान आहे हो तुझा, माधवी. आता मुलांचं प्रदर्शन कधी ठेवूया?"

एवढंच. आवाज चढवला नाही, आइस्क्रीम खाऊन, सगळं आवरून गेल्या. पुढच्या मेमध्ये त्यांचाच फोन आला, म्हणाल्या, "गुडघे दुखतात गं." त्याच गुडघ्यांनी त्या बदलापूरला आपल्या ओटीवर वर्ग घेत होत्या, हे मला भाच्याकडून कळलं. मग मीही नातेवाइकांत सांगत सुटले, ताईंना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही म्हणून. हे त्यांच्या कानावर गेलंच असणार. लग्नाकार्यात भेटलो तर "बरी आहेस ना?" विचारायच्या, मी "हो" म्हणून पुढे जायचे. अंबरनाथहून बदलापूर पुढचंच स्टेशन. पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. आधी त्यांनी बोलवावं, मग मी जाईन... चार वर्षं मी हेच घोकत बसले. चूक माझी होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं, हे आज लिहिते आहे. आज लिहायला माझं काय जातं?

तेराव्याला गेले, तर ओटीवर दोरीला मुलांची कामं टांगलेली. एकही धड सरळ नव्हतं. गावातल्या आया ती पोरांना दाखवत होत्या आणि पोरं लांबूनच आपापलं ओळखत होती. मला कुणी ओळखलं नाही.

परवा वर्ग सुरू केला. सात वर्षांची एक चिमुरडी दुसऱ्या सतरंजीवर बेडकाशी झटत होती. मागचा पाय काही केल्या बसेना. मी शेजारी बसले, माझा कागद समोर घेतला, आणि तिचाच बेडूक ओढून दोन बोटांत तो पाय बसवून टाकला. कधी, ते मलाही कळलं नाही.

तिने बेडूक पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"हा तुमचा झाला. मला दुसरा कागद द्या."

मी कागद दिला आणि बाहेर व्हरांड्यात आले. ताईंना हे सांगायलाच हवं, असं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा नंबर लावायला फोन हातात घेतला.